माळेगाव ओलांडल्यावर थांबलेली गाडी

नांदेडच्या डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "आता यांना घरी घेऊन जा. हवं ते खाऊ घाला." त्या क्षणी माझा देवावरचा विश्वास उडाला, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. तो सहा महिन्यांपूर्वी, पहिला रिपोर्ट हातात आला त्याच दिवशी उडाला होता. माळेगावचा खंडोबा आमचं कुलदैवत. लग्न झाल्यापासून सव्वीस वर्षं देव्हाऱ्यातल्या टाकाला भंडारा वाहिल्याशिवाय मी चहा घेतला नव्हता. यजमानांच्या स्वादुपिंडात गाठ निघाली आणि माझा हात देव्हाऱ्याकडे जाईनासा झाला. रागवायला तरी समोर कुणी असावं लागतं. मला तर समोर कुणीच दिसत नव्हतं.

यजमानांचं लातूरला गॅरेज. आमच्या जुन्या गाडीचं इंजिन फुटलं, तेव्हा त्यांनी अपघातात गेलेल्या एका गाडीचं इंजिन आणून स्वतःच्या हातांनी बसवलं. मॉडेल तेच, फक्त तीन-चार वर्षं नंतरचं. बोल्ट न बोल्ट जागेवर बसला. पण गाडी तासभर चालली की तापायची आणि बंद पडायची. त्यांनी रेडिएटर बदलला, पाण्याचा पंप बदलला, हेड पुन्हा उघडून पाहिलं, तापमानाचा सेन्सरही नवा घातला. दोष सापडेना. तेवढ्यात आजार आला आणि हातातून पाना गळून पडायला लागला. तरी गॅरेजातल्या कारागिरांना त्यांनी बॉनेट उघडू दिलं नाही. "मीच बसवलंय, मीच काढीन," एवढंच म्हणायचे. भाड्याच्या गाडीचं नाव काढलं की जेवायचे नाहीत. मग मीच गाडी चालवायला शिकले आणि लातूर-नांदेडच्या त्या फेऱ्या आम्ही थांबत थांबत, पाणी ओतत केल्या. मागच्या सीटवर उशीला टेकून ते डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत राहायचे. स्वतःच्या दुखण्याबद्दल त्यांनी डॉक्टरांना फारसं कधी विचारलं नाही. त्यांच्या डोक्यात हे एकच कोडं असायचं.

त्या दिवशी रविवार होता, चैत्रातलं ऊन होतं. लोहा मागे पडल्यावर ते म्हणाले, "माळेगावला जरा वळव गं. लांबूनच हात जोडतो." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. खरं सांगते, मी मुद्दामच गाडी वळवली नाही. ज्याने काही दिलं नाही त्याच्या दारात यांना कशाला उभं करू, असं मनात होतं. आरशात मला त्यांचे मिटलेले डोळे दिसले. आणि माळेगाव ओलांडून चार-पाच किलोमीटर गेलो असू, तोच बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी थांबली.

मी त्यांना एका लिंबाखाली चादरीवर निजवलं. बाटलीतलं पाणी त्यांना प्यायला ठेवायचं की इंजिनात ओतायचं, हेही मला ठरवता येईना. तिथे उन्हात उभी राहून मी रडले. नवस बोलले नाही, प्रार्थना केली नाही, नुसतीच रडले.

एक मोटरसायकल पुढे जाऊन परत वळली. पन्नाशीचा माणूस आणि मागे त्याची बायको. दोघांच्या कपाळाला भंडारा. बायकोने उतरून आधी माझ्या हातात पाण्याचा कॅन दिला. त्या माणसाने विचारलं, "काय झालं, ताई?"

"तापते. इंजिन बदलल्यापासून असंच आहे."

"मी हदगावला गाड्यांचं वायरिंग करतो. लेकीकडं चाललो अहमदपूरला. बघू का जरा?"

मी यजमानांकडे पाहिलं. ते नकार देणार हे मला ठाऊक होतं. ते बराच वेळ त्या माणसाच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बघा भाऊ. मला न्हाई सापडलं." सव्वीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

त्या माणसाने इंजिन निवू दिलं, मग चालू करून तापू दिलं आणि तो नुसता बघत उभा राहिला. "पंखाच फिरेना की. तापमानाचा काटा तर मधीच हाय," तो म्हणाला. मग त्याने सेन्सरचा प्लग उपसला, तसा पंखा गरगर फिरायला लागला. "पंखा चांगला हाय. सेन्सरचा निरोप तुटला की गाडी आपणहून पंखा लावती. भाऊ, सेन्सर कुण्या नंबरचा घातला?"

"त्या इंजिनाचाच. नवा."

"तिथंच चुकलं बघा. इंजिन नंतरच्या गाडीचं, त्याचा सेन्सर येगळा. पण त्याचं ऐकणारा कंप्युटर तुमच्या जुन्या गाडीचा. प्लग बसतो, पण ह्याची बोली त्याला कळंना. इंजिनाला ताप चढलाय अन् गाडीला पत्ताच न्हाई. जुना सेन्सर हाय का?"

यजमान कोपरावर उठून बसले. किती दिवसांनी ते आपले आपण उठले होते. "डिकीत डबा आहे. जुन्या इंजिनाचं मी काहीच टाकलं नाही."

जुना सेन्सर बसला. गाडी अर्धा तास उभ्या जागी चालू ठेवली. काटा चढला, पंखा लागला, काटा उतरला. यजमान हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्या बाईने पदराची गाठ सोडून देवळातला भंडारा काढला, त्यांच्या कपाळाला लावला आणि उरलेला माझ्या. मी मान मागे घेतली नाही. त्या माणसाने चहापाण्यालाही काही घेतलं नाही. मी नाव विचारायचं विसरले. तो म्हणाला, "सावकाश जा, ताई," आणि ते दोघं निघून गेले.

गाडी लातूरपर्यंत एकदाही थांबली नाही. यजमान त्यानंतर एकोणीस दिवस जगले. चमत्कार म्हणावा असं काही झालं नाही, दुखणं तसूभर मागे हटलं नाही. पण त्या दिवसांत त्यांनी मला त्यांची दाढी करू दिली, भरवू दिलं, कूस बदलू दिली. आधी प्रत्येक गोष्टीला ते माझा हात झिडकारायचे. गॅरेजच्या किल्ल्या त्यांनी कारागिराच्या हाती दिल्या आणि त्यानंतर एकदाही तिकडचं विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते. ते माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून पलीकडे देव्हाऱ्याकडे बघत होते. अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "आता तू बघ." दुपारी ते गेले.

ते मला म्हणाले की खंडोबाला, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. आता विचारत नाही. मला जेवढं बघता येतं तेवढं मी बघते. उरलेलं त्याच्यावर सोडून, रात्री डोळे मिटते.