आईच्या नावाची ओळ

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच सुमारास दुष्काळात मला दुबईची नोकरी लागली. जन्माच्या दाखल्यावर सरकारी शिक्का हवा होता, म्हणून अहमदपूरच्या तहसिलीत गेलो. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाचं नाव मी विचारलंच नाही. ऑफिसातला माठ कोरडा होता. शिक्क्याचं पॅड वाळलं की तो घरून आणलेल्या तांब्यातले दोन थेंब त्यावर सोडायचा आणि तांब्या पुन्हा रुमालानं झाकायचा.

त्यानं रजिस्टर उघडून माझी नोंद मोठ्यानं वाचली. आईच्या नावाशी मी त्याला थांबवलं. ते माझ्या मावशीचं नाव होतं. ती माझ्या जन्माआधीच वारली, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

"चुकीचं लिव्हलंय," मी चिडून म्हणालो. "आई घरी हाय. सकाळी तिनंच भाकरी बांधून दिली."

त्यानं वाद घातला नाही. मयतीचं रजिस्टर काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मावशीचंच नाव होतं, आणि तारीख माझ्या जन्माची.

मी समोरच्या बाकावर बसलो. त्यानं तांब्या माझ्या हातात दिला. मी तो पिऊन रिकामा केला.

पॅडला थेंबही उरला नाही, त्यामुळं शिक्का फिकाच उठला. कागद देताना तो म्हणाला, "दुबईवाल्याला हे नाव दाखवा. जिनं भाकरी बांधली, तिला दाखवू नका."

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. कागदाला हात न लावता तिनं विचारलं, "आईच्या जागी कुणाचं नाव निघालं रे?"

"तुझंच," मी म्हणालो.