चिकाचं पाणी

त्या दुष्काळात केज तालुक्यातल्या आमच्या महिला सहकारी संस्थेत बटाट्याच्या सत्त्वाचे उपासाचे पापड व्हायचे. टँकर दोन दिवसांआड येई, त्यामुळे शिजवलेल्या सत्त्वाच्या चिकाचं एकेक पातेलं जिवापाड जपायचं. त्या सकाळी घट्ट शिजवून झाकलेला चीक दोन तासांनी उघडला, तर पळीवरून ताकासारखा ओघळला.

अध्यक्षबाईंनी पळी आपटली. "कुणाला विटाळ हाय? खरं सांगा."

सगळ्यांच्या नजरा एकीवरच गेल्या. नवऱ्यानं टाकलेली, भावजयीच्या घरात राहणारी. इथलं काम होतं म्हणून तिला तिथं भाकरी मिळत होती. अध्यक्षबाईंनी तिच्याकडं बोट केलं.

"उद्यापासून येऊ नको."

मधे झाकण सारून मीठ बघायला तीच पळी मी चारदा चाटून परत पातेल्यात घातली होती. उपासाच्या पदार्थात उष्टं! कबूल केलं तर माझी धडगत नव्हती. पण घरी तान्ह्या लेकीला भरवताना तिच्या तोंडातला चमचा परत वाटीत गेला की बटाट्याची लापशी पातळ होते, हे मी रोज बघत होते. कारण पुढे कळलं. लाळेतलं विकर, म्हणजे एन्झाइम, पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतं. तुटलेल्या साखळ्यांना पाणी धरवत नाही, मग चीक पातळ आणि किंचित गोडसर होतो. उकळत्या चिकात ते टिकत नाही. मी शहाणी चाटत बसले कोमट झाल्यावर!

तरी आधी मी पापड घालतच राहिले, त्याची लाज अजून वाटते. शेवटी दुसऱ्या पातेल्यातला कोमट चीक दोन वाट्यांत काढला, चमचा चाटून एकीत ढवळला. "माझ्यामुळं झालं. बघा."

थोड्या वेळात त्या वाटीतल्या चिकाचं पाणी झालं. दुसरीत चमचा उभा राहत होता.

"उपासाचं उष्टं केलंस व्हय गं?" अध्यक्षबाई माझ्यावर कडाडल्या. मग तिला म्हणाल्या, "तुज्यावर उगीच आळ घेतला. ये उद्या."

मला हायसं वाटलं. ती मात्र उठून उभी राहिली.

"लाळंनं झालं, पटलं ना? मग ऐका. मला विटाळ हायच, परवा धरनं. काल वाळत घातलेल्या पापडांच्या ह्या चार ओळी माज्याच हातच्या हायत."

पापड कडकडीत वाळले होते. अध्यक्षबाईंनी एक उचलला, उलटसुलट केला. "ये म्हणलंय तर ये. पण ह्या ओळी बाजूला काढ."

"का म्हून?" ती म्हणाली. "ह्यात तर कुणाचं उष्टं न्हाई."

अध्यक्षबाईंनी हातातला पापड परत ओळीत ठेवला. त्या चार ओळी बाकीच्या पापडांत मिसळून मीच पिशव्यांत भरल्या.