गळ्यातली टेप

पिशवीचा एक बंद मावशींच्या हातात होता, दुसरा वही म्हणतात त्या मुलीच्या. कारखान्याची लांबच लांब भिंत संपली, पूल दिसू लागला, तरी मावशींनी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. मावशींची पावलं आखूड, वहीची लांब. त्यामुळे नाटकाच्या कपड्यांची ती फुगलेली पिशवी दोघींच्या मध्ये हेलकावे खात होती आणि घडीघडी मावशींच्या गुडघ्यावर आपटत होती.

"मावशी, द्या इकडे. मी एकटी घेते."

"नको."

एवढंच. एरवी मावशींना गप्प करायचं म्हणजे त्यांच्या तोंडात टाचण्या असायला लागत.

वही हे काही तिचं खरं नाव नव्हे. कॉलेजच्या नाट्यगटात ती सगळं लिहून घ्यायची, म्हणून ते नाव पडलं. यंदाचं नाटक कोणी लिहिलेलं नव्हतं. मुलंच मिळून ते करत होती. कोणीतरी प्रसंग सुचवायचा, दोघातिघांनी उभं राहून करून बघायचा, दहा वेळा मोडायचा. अकराव्यांदा जमला की मुकादम ओरडायचा, "वही, घे लिहून!" एकदा वहीत गेलं की पक्कं. मग खुद्द मुकादमालाही त्यातला काना-मात्रा बदलता येत नसे. हा नियम त्यानेच घातला होता, कारण सकाळचं मत संध्याकाळी न राहणारा गटात तो एकटाच होता. सगळ्यांना कामाला जुंपतो म्हणून तो मुकादम.

आणि मावशी म्हणजे गटाची शिंपीण. त्यांचा नवरा त्याच कॉलेजात शिपाई होता. त्याच्या ओळखीनं बावीस वर्षांपूर्वी त्या आल्या आणि रंगमंचामागच्या जिन्याखालच्या खोलीत त्यांनी पायमशीन मांडलं. खोली एवढी बुटकी, की उंच पोरांना माप द्यायला दारात गुडघ्यावर बसावं लागे. राजा असो की भिकारी, मावशींपुढे सगळे गुडघ्यावर. कोणी पोट आत ओढून धरलं तर त्या टेपनंच टपली मारत. "सोड श्वास. मापात खोटं बोललं की शिवणीत उघडं पडतं."

बावीस वर्षांत एकही प्रयोग त्यांनी चुकवला नाही. पण प्रेक्षकांत जाऊन बसल्या असंही कधी झालं नाही. पडद्याच्या कडेला, डोळे मिटून आधी देवाचं नाव घ्यायचं आणि मग शेवटापर्यंत उभं राहायचं. खुर्ची दिली तरी म्हणायच्या, "तुम्ही बसा. मी बसून खूप बघितलंय." याचा अर्थ कोणाला कळत नसे, आणि कोणी विचारतही नसे.

यंदा मुलांनी विषय घेतला, वाट बघणं. ज्याला त्याला धरून विचारत सुटली, तुम्ही कोणाची वाट बघितलीत? मावशी एका झग्याला हातशिलाई घालत होत्या. सुईवरून नजर न काढता त्यांनी सांगितलं. नऊ वर्षांची मुलगी होती. शाळेत नाटक होतं, त्यात ती चिमणी झाली होती. करड्या कापडाचा फ्रॉक, बाहीला पंख. त्या दिवशी मावशी तापानं फणफणल्या होत्या, म्हणून पोर एकटीच निघाली. वळणावर लॉरी आली. दोरा दातानं तोडून मावशी म्हणाल्या, "झालं. कोणाचा झगा हा? घेऊन जा."

खोलीबाहेर जिन्यावर बसलेल्या सात जणांपैकी एकालाही उठवेना. त्याच रात्री नव्हे, पण दोनतीन दिवसांनी मुकादमानं मान खाली घालून विचारलं, "मावशी, तुमचं हे नाटकात घेऊ का?" त्या म्हणाल्या, "घ्या. पण फ्रॉक मीच शिवणार."

आईचं काम आलं गटातल्या सगळ्यात उंच मुलीकडे. तिला सगळे शिडी म्हणत. शिडी पांघरूण घेऊन निजायची, खोकायची, कण्हायची. तिसऱ्या तालमीला मावशी खोलीतून बाहेर आल्या आणि स्वतःच्या गळ्यातली टेप काढून त्यांनी शिडीच्या गळ्यात घातली. "शिंपीण ना ही? मग टेपेवाचून कशी?" मुकादम खूश. "वही, घे लिहून. गळ्यात टेप."

परवावर प्रयोग होता. आणि आज सकाळी ही सगळी वरात एका शाळेत गेली होती. पाचवी-सहावीच्या मुलांबरोबर नाटकाचे खेळ खेळायचे आणि आपला एक प्रसंग त्यांच्यापुढे करून बघायचा. मावशी पिशवी सांभाळायला म्हणून आल्या.

बाकं भिंतीला लावून मधे खडूनं मोठा गोल काढला होता. आधी मुलांनी पुतळे केले, म्हाताऱ्यासारखं चालून दाखवलं, एकानं तर मुख्याध्यापकांची चाल काढली आणि मुख्याध्यापक दारातच उभे निघाले. हसून हसून पोरं लोळली. मग शिडी निजली, गटातली चिमणी झालेली मुलगी दाराशी जाऊन उभी राहिली आणि मुकादमानं टाळी वाजवून प्रसंग थांबवला.

"आता तुम्ही सांगा. इथे काय वेगळं झालं असतं, तर ही मुलगी वाचली असती?"

"बाबांनी सोडायचं!"

"वळणावर पोलीस उभा करायचा!"

"लॉरी पंक्चर झाली तर?"

पुन्हा हशा. तेवढ्यात मागून दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. "ओ दादा, हिला ताप आहे ना?"

"हो."

"मग गळ्यात टेप कशाला?"

"अगं, शिंपीण आहे ती."

"माझी आई पण शिवते. बरं नसलं की पहिली टेप काढून खिळ्याला लावते. मानेला टोचते ना."

मुकादमानं शिरस्त्याप्रमाणे हुकूम सोडला. "ये, तूच करून दाखव."

पोर आली ती सरळ शिडीजवळ गेली. तिच्या कपाळावर तळवा ठेवला आणि वर्गाकडे तोंड करून तिनं जाहीर केलं, "गार आहे!" मग पांघरूण ओढून काढलं. "आई, ऊठ. नाटक सुरू होईल." शिडी बिचारी गोंधळून उठली. दोघी हात धरून खडूच्या गोलावरून चालत गेल्या. टाळ्यांनी खिडक्यांची तावदानं थरथरली.

वहीनं सहज मागे बघितलं. मावशी उभ्या होत्या ती जागा रिकामी होती. त्या बाहेर नळाशी होत्या, वाहत्या पाण्याखाली दोन्ही हात धरून. धुवत काहीच नव्हत्या.

निघताना मुकादम हवेत होता. "शेवट सापडला रे! ताप-बीप सगळं उडवा. आई उठते, हात धरून घेऊन जाते, पोरगी वाचते. वही, आज लिहून काढ. उद्या पक्कं." सगळे टेम्पोत चढले. मावशी म्हणाल्या, "मी चालत येते." आणि पिशवी उचलली. वही चढली होती ती उतरली.

पुलाच्या अलीकडे एक बुटका कट्टा होता. तिथे मावशी थांबल्या, पिशवी आधी टेकवली, मग स्वतः बसल्या. समोर पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. त्याच्याकडे बघत त्या बोलल्या.

"पोरगी हुशार आहे. बरोबर पकडलं तिनं."

"काय, मावशी?"

"ताप नव्हता मला."

वही शेजारी बसली.

"एका लॉजचे पडदे होते. अठरा. सतरा झाले होते, अठराव्याला एक टीप मारायची राहिली होती. ती फ्रॉक घालून पाठीमागे उभी. आई चल, आई चल. मी म्हटलं, तू हो पुढे, मी येते." मावशींनी मांडीवर हात असा धरला, जणू हाताखाली कापड सरकतंय. "मान वर करून बघितलंसुद्धा नाही गं. फ्रॉक मी शिवलेला, पण अंगात घातल्यावर तो कसा दिसत होता ते मला माहीत नाही. मशीन चालूच होतं."

पंक्चरवाल्यानं टायर बाहेर काढून झटकला.

"एकच वाक्य होतं तिला नाटकात. महिनाभर म्हणत होती, तुला नाही सांगणार, तिथे येऊन ऐक. बाईंना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. नाही विचारलं. कोणत्या तोंडानं विचारणार?"

"पण मग ताप..."

"दवाखान्याच्या दारात हे धावत आले. म्हणाले, तू कुठे होतीस? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, अंगात ताप होता. झालं. एकदा बोललेलं मागे घेता येतं का? त्या माणसानं स्वतःच्या पोरीचं सगळं केलं आणि वर आठ दिवस मला तापाच्या गोळ्या दिल्या. पाण्याचा पेला हातात देऊन समोर उभे राहायचे. मी गिळायचे. कपाळाला एकदा हात लावून बघितला असता तर कळलं असतं. नाही लावला. विश्वास होता." त्या जराशा हसल्या, पण ते हसणं ओठांवर टिकलं नाही. "सहा वर्षांमागे गेले ना, तेव्हा शेवटी शेवटी मलाच सांगत होते, तब्येतीला जप हं, तुला ताप लवकर चढतो."

तुमची काही चूक नव्हती असं म्हणायला वहीनं तोंड उघडलं आणि मिटलं. इतकं स्वस्त वाक्य या बाईच्या पदरात टाकायचा तिला धीर झाला नाही. तिनं मनातल्या मनात देवाचा धावा केला, यांना थोडं हलकं कर. मग मावशींच्या गुडघ्यावर, पिशवी आपटत होती तिथेच, हात ठेवला.

"म्हणून टेप घातलीत होय शिडीच्या गळ्यात?"

"देव जाणे. हातानं घातली. मी ठरवून नाही घातली."

ऊन कलायला लागलं होतं. वही चाचरत म्हणाली, "मावशी, एक बोलू? मुलांना ती आई उठलेली फार आवडली. निदान नाटकात तरी..."

"निदान नाटकात तरी!" मावशींनी मान हलवली. "बावीस वर्षं बघतेय मी तुमची नाटकं. मेलेली माणसं पडदा पडला की उठतात आणि माझ्या खोलीत येऊन चहा मागतात. ती आई उठली की लोक टाळ्या वाजवून घरी जातील. मी कुठे जाऊ? एक खोटा ताप सव्वीस वर्षं अंगावर बाळगला. आता हे खोटं उठणं कुठे ठेवू?"

"मुकादम ऐकायचा नाही."

"वहीत गेलं की पक्कं ना? नियम त्याचाच आहे."

वहीनं झोळीवरून हात फिरवला. आत वही होती. शेवटच्या पानावर 'गळ्यात टेप' एवढंच लिहिलेलं होतं, बाकी पान अजून कोरं होतं.

मावशी उठल्या. पिशवीचा आपला बंद त्यांनी उचलला आणि दुसरा वहीपुढे धरला. पण चालायला लागल्या नाहीत.

"लिहिशील तेव्हा ताप काढून टाक. पांघरूण काढ. मशीनवर बसव तिला," त्या म्हणाल्या. "चिमणी दारात उभी राहून हाक मारू दे, मशीनचा आवाज चालू दे. ऐकतेयस ना? उठवू नकोस तिला, बाळ. मी उठले नव्हते. आणि ती टेप आहे तशी गळ्यातच राहू दे."