निरगुडे वकिलांची कथाबीजं

निरगुडे वकिलांच्या केबिनमध्ये कोणी रडायला लागलं की ते टेबलावरचा पाण्याचा ग्लास हळूच स्वतःकडे ओढून घेत. मी त्यांची ज्युनिअर म्हणून लागले त्या पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं. सातपूरची एक बाई रडत होती. मी ग्लास तिच्याकडे सरकवायला गेले, तर सरांनी नजरेनंच मला थांबवलं. ती गेल्यावर म्हणाले, "रडणाऱ्याला लगेच पाणी द्यायचं नसतं. पाणी प्यायलं की माणूस सावरतो, आणि सावरलेला माणूस खोटं बोलतो." तेव्हा मला ते वकिलीतलं मोठं गुपित वाटलं होतं. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

सर नाशिकच्या कोर्टात घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा असली कामं चालवत आणि कादंबऱ्या लिहीत. सकाळी गंगापूर रोडच्या घरी लिहायचं, मग काळा कोट चढवून कोर्टात यायचं. दोन्ही कसं जमवता, असं जो तो कौतुकानं विचारे. मला हळूहळू कळलं की जमवण्यासारखं काही नव्हतंच. सकाळच्या लिखाणासाठी जे लागायचं तेच ते केबिनमध्ये अशिलांना विचारत. "नवऱ्यानं हात उगारला तेव्हा गॅसवर काय होतं?" "माहेरी निघालात तेव्हा पायात काय घातलं होतं?" बायकांना वाटे, केससाठी लागत असेल. त्या बिचाऱ्या आठवून आठवून सांगत. अर्जात त्यातलं एक अक्षर येत नसे.

एकदा एका साहित्य मेळाव्यात मी त्यांच्याबरोबर गेले होते. कॉलेजच्या एका मुलीनं विचारलं, "सर, तुम्हाला कथाबीजं कुठे सापडतात?" सर क्षणभर डोळे मिटून म्हणाले, "पहाटे गोदाकाठी फिरायला जातो. पात्रं आपणहून भेटायला येतात." सभागृहात टाळ्या पडल्या. परत येताना गाडीत ते मजेत हसत होते. "खरं सांगितलं असतं तर उद्या ऑफिसात कोण आलं असतं?" शेजारी बसलेल्या मला त्यांच्या अत्तराचा वास एकदम नकोसा झाला. मी काच खाली केली.

माणूस वाईट होता असं सरळ म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण गरीब बाईकडून ते फी घेत नसत. अर्जाचा मसुदा कसा करायचा, साक्षीदाराला किती विचारायचं आणि कुठे थांबायचं, हे सगळं मी त्यांच्याकडेच शिकले. माझ्या आईच्या आजारपणात माझ्या सगळ्या तारखा त्यांनी स्वतः चालवल्या. या सगळ्यासाठी मी त्यांची ऋणी आहे, आणि त्यामुळेच माझी किळस अजून गेलेली नाही.

सुनंदा दिंडोरीकडच्या एका गावातली. नवऱ्याची द्राक्षबाग होती आणि मारहाण रोजची होती. ती सात वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी आली होती. तिला मुलीचा ताबा हवा होता. केससाठी लागणारं सगळं पहिल्या दोन भेटींतच सांगून झालं होतं. तिसऱ्या भेटीत सरांनी विचारलं, "नवऱ्याला मारून टाकावं असं कधी मनात आलं का हो?" ती बराच वेळ रडली. मग बोलली. एका सकाळी तिनं नवऱ्याच्या चहात फवारणीचं औषध घातलं होतं. कप घेऊन दारापर्यंत गेली, आत झोपलेल्या मुलीकडे बघितलं आणि मागच्या दाराला जाऊन चहा कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतून टाकला. काही दिवसांत ते झाड वाळलं. "आईलाबी सांगितलं नाय मी हे," ती म्हणाली. सर म्हणाले, "इथून बाहेर जाणार नाही."

पुढच्या वर्षी सरांची नवी कादंबरी आली. फार गाजली. तिच्यातली बाई सांगलीकडची होती आणि तिचं नाव वेगळं होतं. पण चहा तोच होता, आणि मागच्या दाराशी वाळलेला कढीपत्ताही तोच. सुनंदाची नणंद शाळेत शिक्षिका आहे. तिनं ती कादंबरी वाचली. तो कढीपत्ता तिनंच लावलेला होता.

उलटतपासणीत नवऱ्याच्या वकिलानं पुस्तकाचं नावही काढलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, "तुम्ही नवऱ्याच्या चहात विष घातलं होतं का?" मी सरांकडे बघितलं. ते हरकत घ्यायला उठले नाहीत. टेबलावर पुढे झुकून ते सुनंदाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. केबिनमध्ये बघत तसंच.

"घातलं होतं," सुनंदा म्हणाली. "दिलं नाय."

मुलीचा तात्पुरता ताबा बापाकडे गेला.

त्यानंतर सुनंदा एकदाच ऑफिसात आली. बसली नाही. "साहेब, नाव बदललं, गाव बदललं. मग कढीपत्ता का नाय बदलला?"

सर शांतपणे म्हणाले, "तो बदलला असता तर ती बाई खोटी वाटली असती, सुनंदाताई."

"ती बाई मी हाय," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मी तिच्या मागे धावले. सरांविरुद्ध तक्रार करू, मी साक्ष देते, असं म्हणाले. तिनं मान हलवली. "अजून चार लोकांपुढं तेच सांगत बसू का? मला पोरगी पाहिजे. तुम्ही लढता का?" मी हो म्हटलं.

वकील बदलायचा तर आधीच्या वकिलाची ना हरकत सही लागते. ती घ्यायला मी सरांकडे गेले, तीच आमची शेवटची भेट. त्यांनी वाद घातला नाही. चहा मागवला, मी नको म्हटलं. सही करून झाल्यावर पेनचं टोपण लावत ते म्हणाले, "तुम्ही चांगल्या वकील व्हाल. तुम्हाला माणसांची दया येते." कागद मात्र त्यांनी हाताखालीच धरून ठेवला. "एक सांगाल? ताब्याच्या दिवशी मी लवकर निघालो होतो. मुलगी बापाचा हात धरून कोर्टाच्या पायऱ्या उतरली, तेव्हा तिनं मागे वळून आईकडे बघितलं का?"

त्यांचा आवाज हळवा झाला होता. डोळ्यांत खरोखर पाणी होतं, आणि तेच मला सगळ्यात घाण वाटलं.

त्या दिवशी मी पायऱ्यांवरच उभी होते, सुनंदाचा दंड धरून. मुलीनं काय केलं ते मी बघितलं होतं.

मी त्यांच्या हाताखालून कागद ओढून घेतला आणि बाहेर पडले.