घमापूरच्या दवाखान्यातली ती खोली

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. मंदाला, म्हणजे बायकोलाही नाही. तुम्हाला काहून सांगून राहिलो? तुम्ही मला ओळखत नाही, बहुतेक म्हणूनच.

हल्ली मला एका जागी बसवत नाही. रिटायर झालो, विजय नगरात घर आहे, मुलीचं लग्न झालं. तरी सकाळी पेपर हातात घेतो, ठेवतो, गेटपर्यंत जातो, परत येतो. मंदा म्हणते, शुगर तपासून घ्या. शुगर ठीक आहे.

मी आरोग्य खात्यात होतो. डॉक्टर नव्हतो. कोणता डॉक्टर कुठे बसणार, कोणत्या दवाखान्याला काय मिळणार, हे माझ्या टेबलावरून जायचं. आणि सुधीर माझा धाकटा भाऊ. कारखान्यात चांगला लागला होता. मग त्याला मशीनमधून कोणीतरी शिव्या देतंय असं ऐकू यायला लागलं. नोकरी गेली. तेव्हापासून तो आमच्या मागच्या खोलीत राहतो. नागपूरला एक खाजगी डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे मी त्याला गुपचूप नेत असे. लोकांना सांगितलं होतं, पोटाचा आजार आहे. इतकी वर्षं पोटाचा आजार — कोणी खोदून विचारलं नाही.

घमापूरच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा मनाच्या आजारांचे डॉक्टर बसू लागले. तपासणी फुकट, गोळ्या फुकट. लोक यायचे — हे आधीच सांगून टाकतो. बाकावर जागा नसायची, व्हरांड्यात फरशीवर बसायचे. मी स्वतः पाहिलं आहे. तिथेच रामवती भेटली. ती नदीवर, ग्वारीघाटावर फुलं विकायची, राहायची घमापुरात. नवरा शिंपी. पाण्यात विष आहे म्हणून तो पाणीच प्यायचा नाही. त्याचा हात धरून ती त्याला पायी घेऊन यायची. काही महिन्यांनी मला म्हणाली, "साहब, अब फिर मशीन पे बैठने लगे हैं." मला बरं वाटलं होतं. खरंच वाटलं होतं.

मग एक दिवस आम्ही घरी नसताना सुधीर रिक्षा करून तिथे गेला. एकटा. रांगेत बसला, आणि शेजारच्यांना सांगत सुटला की इथले मोठे साहेब माझे दादा आहेत. कंपाउंडरचा मला फोन आला — अगदी आदराने. "सर, आपके भाई साहब यहाँ बैठे हैं." माझ्या कानातून वाफा निघाल्या. मुलीचं लग्न जुळत होतं तेव्हा. मुलाचे मामा घमापुरातच राहायचे.

सुधीर मात्र खूश होता. "दादा, तिथे मला नावाने बोलावतात. मी दर आठवड्याला जाईन."

त्याच सुमारास भोपाळचे साहेब बैठकीला आले. निधी कमी झाला होता, एका ठिकाणचे डॉक्टर काढायचे होते. त्यांनी मला विचारलं, घमापुर में मरीज़ आते हैं क्या? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नहीं सर, खास कोई नहीं आता."

एवढंच. माझा आवाजही हलला नाही. साहेबांनी मान डोलावली, विषय पुढे गेला, चहा आला. पुढच्या महिन्यात डॉक्टर बसायचे त्या खोलीत सलाइनचे खोके रचले गेले.

सुधीरने विचारलं, "काहून बंद केलं?" मी म्हणालो, सरकारजवळ पैसे नाहीत. तो म्हणाला, "आपल्याजवळ आहेत, नाही का? मग बाकीचे कुठे जातील?" मी जेवण वाढायला सांगितलं.

रामवती ऑफिसात आली. डॉक्टर साहब अब कहाँ बैठते हैं? मी मोठ्या सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं. ती म्हणाली, "उतनी दूर नहीं ले जा पाती साहब. ऑटो से कूद जाते हैं." मी म्हणालो, देखते हैं. तुम्हाला माहीत आहे 'देखते हैं' म्हणजे काय. तिलाही माहीत असावं. ती परत आली नाही.

लग्न झालं. थाटात झालं. नंतर एका सकाळी मी सुधीरला घेऊन ग्वारीघाटावर गेलो. नागपूरच्या गोळ्यांनी तो बराच शांत झाला होता, इस्त्रीचा शर्ट घातला होता. रामवती फुलांचे दोने, म्हणजे पानांचे द्रोण, लावून बसली होती. तिच्या मागे सावलीत तिचा नवरा. त्याच्या पायाला जुन्या साडीची दोरी, दुसरं टोक खांबाला. मी पाहत राहिलो, तेव्हा तीच म्हणाली, "बाँधना पड़ता है साहब. नहीं तो पानी में उतर जाते हैं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर — जाऊ द्या.

सुधीरने त्याला ओळखलं. त्या रांगेत हा माझ्या बाजूला बसला होता, म्हणाला. आणि खाली बसून त्याच्याशी बोलू लागला. तो माणूस हसलाही. मग सुधीरने मान वर केली. "दादा, याला आपल्या डॉक्टरकडे घेऊन जाऊ ना."

मी नेऊ शकलो असतो. तेव्हा मी खुर्चीवरही होतो, भोपाळला फोन करून सांगू शकलो असतो की घमापुरात लोक येतात, मी खोटं बोललो. दोन्हींपैकी काहीच केलं नाही. म्हणालो, "चल, ऊन होतंय."

सुधीर उठेना. मी त्याचं मनगट धरून त्याला उठवलं, जरा जोरातच. रिक्षात तो माझ्याकडे पाठ करून बसला. घरी मंदाने विचारलं, याचं तोंड काहून उतरलं? मी म्हणालो, पोट दुखून राहिलं असेल.