ग्रुपवरचं आमंत्रण

धाकट्या भावाला या डच मुलुखात मी आणलं. डीमन गावातल्या माझ्या एका खोलीत तो राहिला, माझ्या हातचं जेवला. मग त्याने दूर न्यूनेन गावात घर घेतलं आणि वास्तुशांतीचं आमंत्रण टाकलं व्हॉट्सअॅपच्या फॅमिली ग्रुपवर. सगळ्यांना मिळून एकच. थोरल्या भावाला घरी येऊन अक्षत द्यायची असते, निदान फोन तरी करायचा असतो. मी गेलो नाही. का आला नाहीस, असं त्यानेही विचारलं नाही.

बाजारात माझ्या मसाल्याच्या स्टॉलशेजारी हाँगकाँगच्या एका बाईंचा भाजीचा स्टॉल आहे. कोथिंबिरीवरून आमची रोज हुज्जत, तीही मोडक्या डचमध्ये. एका शनिवारी मी त्यांना पुन्हा ऐकवलं, "धाकट्याचं सगळं केलंय मी. माझं मन साफ आहे."

"तोय तक च्यू," पालेभाजीवर पाणी मारत त्या म्हणाल्या. "आमच्या कँटनीजमध्ये असं म्हणतात. त्या माणसाच्या समोर उभं राहता आलं, की आपलं कर्तव्य झालं."

"मग मला येतंच की उभं राहता!"

"कधी राहिलास, बुरमान?" बुरमान म्हणजे डचमध्ये शेजारी; त्या मला तेच म्हणतात.

मी भडकलो. "चूक त्याची आहे!"

"चूक कुणाची ते कुठे विचारलं?"

"फोन केला तर?"

"फोनसमोर कोणीही उभं राहतं."

"व्हिडिओ कॉल?"

"घासाघीस कोथिंबिरीत कर. यात नाही."

रविवारी नारळ घेऊन आइंडहोवनची गाडी पकडली, पुढे न्यूनेनची बस. दार पुतणीने उघडलं आणि आत बघून डचमध्ये ओरडली, काका आलाय. धाकटा आला.

"दादा? फोन तरी करायचास."

"तू केला होतास?" जीभ आवरली नाही.

तो दारातून बाजूला झाला. त्याच्या बायकोने चहा केला, नारळ देवापुढे ठेवला. त्याने घर दाखवलं, हीटिंग दाखवलं, बागेतली शेड दाखवली. आमंत्रणाचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. निघताना मी त्याच्यासमोर क्षणभर सरळ उभा राहिलो. मान खाली त्याने घातली. बसस्टॉपपर्यंत सोडायला काही आला नाही.

घरी पोचलो तर ग्रुपवर नारळाचा फोटो. खाली, "दादा येऊन गेला." सगळ्यांना मिळून एकच. भराभर अंगठे येत होते. मला वेगळा एक शब्दही त्याने पाठवला नव्हता.

"तोय तक च्यू," मी मोठ्याने म्हणालो आणि एकट्यापुरता भात लावला.