दोन दिवसांचा दिवाळसण

कसब्यात तांबट आळीच्या तोंडाशी दत्तोबा फुलमाळ्याचं दोन खणांचं घर होतं. नदीकाठच्या मळ्यातून तो पहाटे शेवंती, झेंडू आणि तुळस आणायचा, आणि त्याची बायको सोजरबाई उंबऱ्याशी बसून हार ओवायची. समोरच्या आळीत दिवसभर तांब्यावर ठोके पडत. ते ऐकत तिची वीस वर्षं गेली होती, पण तिच्या घरात तांब्याचं म्हणावं तर एकच भांडं होतं, पाणी प्यायचा तांब्या.

शके सतराशे चोवीसच्या वैशाखात तिच्या एकुलत्या एका मुलीचं, ठकूचं लग्न झालं. ठकू बारा वर्षांची, जावई भैरू अठराचा. तो बिबवेवाडीचा, सोनबा माळ्याचा एकटाच मुलगा. बोलायला कमी, कामाला वाघ. ठकू लहान म्हणून अजून आईकडेच होती. दिवाळी जवळ आली तसं सोजरबाईनं ठरवलं की दिवाळसण असा करायचा की विहीणबाईंनी तोंडात बोट घालावं. त्याला कारण होतं. लग्नात सगुणाबाई, म्हणजे भैरूची आई, मांडवात सगळ्यांसमोर म्हणाली होती, "पुण्यात राहत्यात, पर न्हाणीत मडकंच हाय की!"

सोजरबाईला ते लागलं होतं. श्रावणापासून तिनं जास्तीचे हार ओवले, गौरी-गणपतीत तर बोटं सुजेपर्यंत. दसऱ्यानंतर आळीतल्या तांबटाकडून तिनं आंघोळीचं घंगाळ घेतलं. रुंद काठाचं, दोन कड्यांचं, आतून कल्हई केलेलं. दत्तोबानं ते डोक्यावरून घरी आणलं तेव्हा शेजारणी दारात आल्या. बसायला नवा पाट आला, निजायला जाड जाजम आलं, समईसुद्धा आली.

त्याच दिवसांत उत्तरेकडून होळकरांची फौज पुण्यावर येत असल्याची बातमी होती. ऐपतवाली माणसं बायकापोरं गावी पाठवत होती. पेशव्यांच्या पलटणी घोरपडी-वानवडीच्या बाजूला उतरल्या होत्या. बिबवेवाडीहून सोनबानं निरोप पाठवला, "औंदा नगं. दिस बरं न्हाईत. संक्रांतीला बघू."

दत्तोबाला ते पटलं. पण सोजरबाई हट्टाला पेटली. "बोलणी चाललीत म्हणतात सगळे. दिवाळीच्या दिवशी कोण लढतंय? पहिला सण आहे पोरीचा, संक्रांतीला कसा करायचा?" आणि ती स्वतः चालत बिबवेवाडीला गेली, ओटी भरून हात जोडून बसली. सगुणाबाई म्हणाली, "बैलं हाईत, गाय हाय. घर कुणावर टाकायचं?"

"दोनच दिवस, विहीणबाई. शेजाऱ्याला सांगा."

शेवटी तिघंही आली. सोनबा, सगुणाबाई आणि भैरू. नरकचतुर्दशीला पहाटे अंगणात चूल पेटली, घंगाळात ऊन पाणी उतरलं. ठकूनं लाजत नवऱ्याच्या अंगाला उटणं लावलं. सगुणाबाई घंगाळाकडे बघत होती. तिनं हळूच काठावरून बोट फिरवलं. सोजरबाईच्या पोटात आनंद मावेना.

दिवस चांगला वर आला होता. भैरू फराळाला बसला आणि पूर्वेकडून धडधड ऐकू आली. आधी कुणाला वाटलं, वाड्यावर तोफांची सरबत्ती चालली असेल. मग ती थांबेचना. आळीतले ठोके बंद पडले. माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली. कुणीतरी ओरडलं, "वानवडीला जुंपली!"

सोनबा ताडकन उठला. "माझी बैलं!"

वानवडी ते बिबवेवाडी अंतर ते किती! भैरूनं बापाला खाली बसवलं. "तुमचं गुडघं चालंनात. म्या जातो आन् बैलं घेऊन येतो."

"जाऊ नगंस," सगुणाबाई म्हणाली.

"आये, बैलं गेली तर पेरणार काय?"

सोजरबाई दारात होती. तिनं त्याला अडवायला हवं होतं, हे ती पुढे जन्मभर म्हणत राहिली. त्या वेळी तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "जावईबापू, दोन घास तरी खाऊन जा." तो हसला, एक करंजी उचलून चालता झाला. ठकू भिंतीआड उभी होती. तिनं त्याला पाठमोराच पाहिला.

दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं. पेशवे सिंहगडाकडे गेल्याचं गावात पसरलं. रिकामे घोडे, रक्तानं माखलेले शिपाई, डोक्यावर बोचकी घेतलेली खेड्यातली माणसं, सगळं पेठांमधून वाहत होतं. भैरू आला नाही. संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाची पणती घरात कुणी लावली नाही.

तिसऱ्या दिवशी दत्तोबा आणि सोनबा बिबवेवाडीला गेले. सोजरबाईही त्यांच्या मागून गेली. वाटेत पडलेल्या माणसांची तोंडं ती एकेक वळवून बघत होती. तो नव्हता, की ती पुढे सरकायची. पंचविसाव्या की तिसाव्या तोंडानंतर तिला उलटी झाली. मग ती पुन्हा उठली आणि पुढचं तोंड बघितलं.

सोनबाच्या घरावर छप्पर नव्हतं. दारांखिडक्यांचं लाकूड जळणाला गेलं होतं, अंगणात परक्या घोड्यांची लीद होती. गाय गेली, बैलं गेली. शेजारचा भिवा धान्याच्या पेवात लपून बसलेला सापडला. त्यानं सांगितलं, "पळती फौज आली, तोफंच्या गाड्याला बैलं जुंपाया लागली. भैरूनं कासरा धरला. सोडंना. चाबूक मारला तरी सोडंना. मग त्यातला एकजण म्हनला, घ्या यालाबी हाकाया. बैलांबरुबर गेला बघा तो."

"कुठल्या अंगाला?" सोनबानं विचारलं.

भिवानं हात केला. डोंगराच्या अंगाला. पण त्याचा हात नुसता हवेत फिरला आणि खाली आला.

घरी आल्यावर सोनबानं हे बायकोला सांगितलं. सगुणाबाई कोपऱ्यात बसली होती. ती सोजरबाईकडे बघून शांतपणे म्हणाली, "तुमच्या घंगाळापायी माझं पोर गेलं."

  तीच गोष्ट सोजरबाई तीन दिवस स्वतःला सांगत होती.

दोन दिवसांसाठी आलेले व्याही आता जाणार कुठे? दोन खणांत पाच माणसं राहू लागली. आतल्या खणात तीन बायका, बाहेर दोघे पुरुष. चूल एक, पण सोजरबाई आणि सगुणाबाई महिना-दीड महिना एकमेकींशी बोलल्या नाहीत. मधे ठकू निरोप्यासारखी. "आत्याबाई म्हणतात, पीठ संपलं." "आई म्हणते, पाणी तापलंय." दत्तोबा बाहेरून हे ऐकायचा आणि तंबाखू मळत बसायचा.

शहरात होळकरांच्या नव्या कारभाऱ्यांची वसुली सुरू झाली. हार घेणारी घरं ओस पडली होती. देवळांचे हार चालू होते, पण त्यात पाच तोंडं भागेनात. सोनबा रोज कुठल्यातरी छावणीकडे जाऊन भैरूची चौकशी करायचा. माघात एक उंटवाला म्हणाला, तसा पोरगा वाईच्या वाटेला पाहिला, जिवंत आहे. फाल्गुनात घोडदळातला एक बारगीर म्हणाला, बैलं हाकणारा माळ्याचा पोर घाटात पटकीनं गेला. दोघांनाही नाव सांगता आलं नाही. उंटवाला आला त्या दिवशी सगुणाबाईनं त्याला भाकरी दिली. बारगीर आला त्या दिवशीही दिली.

"त्याला का?" ठकूनं विचारलं.

"खोटं बोलाया त्याला काय मिळनार हाय?" सगुणाबाई म्हणाली, आणि ठकूच्या कपाळाकडे बघून लगेच, "पर तू कुकू पुसायचं न्हाई. म्या सांगंपातुर न्हाई."

पुढच्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि दुष्काळ उभा राहिला. ज्वारी दिसेनाशी झाली. लोक चिंचेचे चिंचोके भाजून दळायचे, तरवडाच्या शेंगा उकळायचे. गावाबाहेरून आलेली माणसं कसब्याच्या देवळाबाहेर बसायची आणि सकाळी त्यातली काही उठायची नाहीत. समई गेली, जाजम गेलं, पाट जळणात गेला. मग एका सकाळी सोजरबाईनं घंगाळ बाहेर काढलं. ते एका बाईच्या हातानं उचलण्यासारखं नव्हतं. ती दोन्ही हातांनी ओढत होती, तेवढ्यात दुसरी कडी सगुणाबाईनं धरली. दोघी ते घेऊन आळीत गेल्या. तांबटानं ते मोडीत घेतलं, बदल्यात पायली-दीड पायली जुनी ज्वारी दिली. येताना सगुणाबाई घंगाळाबद्दल पहिल्यांदा बोलली.

"लई चांगलं व्हतं," ती म्हणाली.

सोजरबाई रस्त्यातच खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. सगुणाबाई ज्वारीचं गाठोडं पोटाशी धरून तिच्याजवळ उभी राहिली, कुणी हिसकावून नेऊ नये म्हणून.

त्या उन्हाळ्यात सोनबा गेला. हगवणीचं निमित्त झालं. मुलाच्या सासरी मरण यावं याची त्याला शरम वाटत होती. शेवटपर्यंत तो दत्तोबाला म्हणत होता, "इवाई, मला बाहेर न्हेऊन ठेवा." दत्तोबानं त्याचं डोकं मांडीवरून हलवलं नाही.

पुढच्या मृगात पाऊस झाला. सगुणाबाईनं धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलेलं मूठभर बी बाहेर काढलं. सगळा दुष्काळ तिनं ते पोटाशी बांधून काढला होता, कुणाला कळू दिलं नव्हतं. "म्या वाडीला चालले," ती म्हणाली.

"एकट्या?" सोजरबाई घाबरली.

ठकू उठली. आता ती चौदा वर्षांची होती, दुष्काळानं हाडं दिसत होती. "मी जाते आत्याबाईंबरोबर. माझं सासर आहे ते."

"अगं, नवरा नसलेल्या सासरी काय करशील?"

"खुरपीन," ठकू म्हणाली.

सोजरबाईनं तिला अडवलं नाही. एकदा एकाला अडवलं नव्हतं, आता एकीला अडवायचा हक्क उरला नाही असं तिला वाटलं. दोघी निघून गेल्या. रात्रंदिवस गजबजलेलं ते घर इतकं रिकामं झालं, की दत्तोबा म्हणाला, "भांडायला तरी कोणी हवं होतं."

तीन वर्षं सासू-सुनेनं ती जमीन बैलांवाचून केली. कुदळीनं खणायची, वांगी-मेथी लावायची, डोक्यावरून मंडईत आणायची. येताना ठकू आईकडे टेकायची. कपाळावर कुंकू, हातात काचेच्या दोन बांगड्या. तिच्याबरोबरीच्या पोरींच्या कडेवर मुलं होती. सोजरबाई तिच्या केसांना तेल लावायची आणि तिच्या पाठीमागे डोळे पुसायची.

एका माघात सगुणाबाई एकटीच आली. पाणी प्यायली, तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "इहीणबाई, ठकूचा पाट लावा."

पाट म्हणजे बाईचं दुसरं लग्न. सोजरबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या हातातला हार खाली पडला. "म्हणजे... तो गेला असं तुम्ही म्हणता?"

"म्या तसं म्हनत न्हाई."

"मग?"

"म्या पोरीचं बोलते. माझ्यासंगं ती मातीत चालली. वारज्याला अनंता हाय, त्याची बायकू बाळंतपनात गेली. मानूस बरा हाय. म्या बघून आले."

"तुम्ही? स्वतः?"

"मग कोन जाणार?" सगुणाबाईचा आवाज चिरकला. "तुम्ही ईचारलं असतं तर म्या तुमचा जीव घेतला असता. म्हनून म्याच आले."

सोजरबाईनं तिचे पाय धरले. "माझ्यामुळं झालं सगळं. मी हट्ट केला."

"केला," सगुणाबाई म्हणाली. "म्याबी आले. मला घंगाळ बघायचं व्हतं."

ठकू दोन महिने कबूल होईना. "आत्याबाई एकट्या पडतील," एवढंच म्हणायची. शेवटी सगुणाबाईनं स्वतःच्या हातानं तिचं कुंकू पुसलं, तिच्या बांगड्या उतरवल्या आणि त्या दिवशी घराबाहेर आली नाही. चैत्रात वाजंत्रीशिवाय, चार माणसांत ठकूचा अनंताशी पाट लागला.

दीड वर्षानं वारज्याहून निरोप आला की ठकूला मुलगी झाली. बारशाला निघताना सोजरबाई बिबवेवाडीवरून वाकडी वाट करून गेली आणि सगुणाबाईला ओढूनच घेऊन आली. वारज्याला दारात अनंताच्या आईनं दोघींना पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "ह्या बाई नकोत आत," ती हळूच म्हणाली. "पहिल्या घरच्या. बाळाला बरं नसतं."

सगुणाबाई लगेच मागे वळली. सोजरबाईनं तिचा दंड धरला. "त्या नाहीत तर मीही नाही," ती म्हणाली. "आम्ही बाहेर बसतो. तुमचं आवरा."

दोघी अंगणात बाभळीखाली जमिनीवर बसल्या. आत बायका पाळणा म्हणत होत्या. बऱ्याच वेळानं ठकू बाळाला घेऊन बाहेर आली. सासू मागून हाका मारत होती, तिकडे तिनं लक्ष दिलं नाही. ती सगुणाबाईसमोर बसली आणि मूल तिच्या मांडीवर ठेवलं. सगुणाबाईनं हात लावायला भीतच त्याच्या तळपायाला बोट लावलं.

"नाव काय ठेवलं?" सोजरबाईनं विचारलं.

"अजून ठेवलं नाही," ठकू म्हणाली. "आत्याबाई, तुम्ही सांगा."